आधी पाणी, मग नाव

पाहुणा म्हणजे देव, असे आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. पर्यटन खात्याच्या जाहिरातीही तेच सांगतात. परंतु हा देव घामाघूम होऊन दारात उभा राहिला की त्याला आधी पाणी मिळते की आधी त्याचे आडनाव विचारले जाते, यावर या थोर संस्कृतीची खरी परीक्षा होते. आधी आडनाव, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला, एवढी चौकशी झाल्यावर तांब्या हातात द्यायचा की ओंजळीत वरून पाणी ओतायचे हे ठरवणारी माणसे आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहेत. आपल्यापैकी अनेकांनीही पाहिली आहेत. त्यामुळे आतिथ्य या विषयाकडे निव्वळ शिष्टाचार म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही.

हा विषय आज काढण्याचे निमित्त आहे सायकल. एकेकाळी गिरणी कामगार, पोस्टमन, दूधवाला आणि शाळामास्तर यांचे वाहन असलेली सायकल आता लांब पल्ल्याच्या प्रवासाचे साधन झाली आहे. मागे दोन पिशव्या बांधायच्या, पंक्चरचे सामान आणि एक चादर घ्यायची आणि निघायचे. असे तरुण महिना महिना रस्त्यावर असतात. रोज हॉटेलात राहणे त्यांना परवडत नाही. कुणाच्या घरी, कुणाच्या अंगणात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा विहारात, जिथे जागा मिळेल तिथे रात्र काढायची आणि पहाटे पुढची वाट धरायची, असा त्यांचा क्रम असतो. सायकलप्रवाशांना घरी उतरवून घेणाऱ्या लोकांचे 'वॉर्मशॉवर्स' नावाचे एक जागतिक जाळेही १९९३ पासून चालू आहे. त्यातला यजमान पाहुण्याकडून पैसे घेत नाही. आज तुम्ही मला ठेवून घ्या, उद्या मी दुसऱ्या कुणाला ठेवून घेईन, एवढाच त्यातला हिशेब.

मुंबईच्या उत्तरेचा वसई-विरारचा किनारा अशा प्रवाशांना अलीकडे फार सोयीचा झाला आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र, असा हा तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला मुलूख. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई ही रो-रो बोट सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये विरारजवळच्या मारंबळपाड्याहून पलीकडच्या जलसारला जाणारी बोट सुरू झाली. ज्या दोन काठांमध्ये रस्त्याने सुमारे ६० किलोमीटरचा वळसा पडत होता, ते अंतर पाण्यातून जेमतेम दीड किलोमीटर आहे. म्हणजे डहाणू, पालघर, सफाळे अशी किनाऱ्याने खाली येणारी सायकल हायवेच्या ट्रकांमध्ये न शिरता थेट विरारच्या बाजूला उतरू शकते. तिथून जवळच आगाशी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हल्ले केलेले हे जुने बंदर आज केळीच्या बागा, नारळ, विहिरी आणि कौलारू घरे यांसाठी ओळखले जाते. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही इथली खासियत. आगाशीच्या पुढे अर्नाळा, तिथला कोळीवाडा आणि समुद्रातल्या बेटावरचा किल्ला.

पाहुणा आणि यजमान

आता एक चित्र डोळ्यांसमोर आणा. परभणीकडचा एक मुलगा आहे. वडील शेतमजूर, मुलगा पदवीधर. पुण्याच्या एका कारखान्यात चार वर्षे कंत्राटी काम करून त्याने पैसे साठवले आणि त्यातून सायकल घेतली. गुजरातच्या हद्दीपासून किनाऱ्याने खाली येत तो बोटीने खाडी ओलांडतो आणि दिवेलागणीला आगाशीत पोचतो. चेन तुटलेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानात तो थांबतो, तिथे हवा भरायला आलेला अर्नाळ्याचा एक कोळी तरुण त्याच्या सामानाकडे पाहून विचारतो, "कुठून आलात दादा? रात्री कुठे थांबणार?"

"बघू. एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात."

"शाळेत कशाला? आमच्याकडे चला. आई घरी आहे."

घरी गेल्यावर आई आधी पाण्याचा तांब्या हातात देते. "बस बाबा, दमला असशील." मग तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण. मग गप्पा. परभणीला समुद्र नाही, मग मासे कुठले खाता, असे आई विचारते. गोदावरीचे, असे तो सांगतो. नदी आणि समुद्र यांतल्या माशांच्या चवीवर अर्धा तास जातो. झोपण्याआधी यजमान विचारतो, "दादा, सकाळी घाई नसेल तर खाडीत येता का? कयाक आहे आपली."

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली लांबट, हलकी होडी. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशातल्या इन्युइट लोकांनी ती शोधून काढली. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून बसवलेले, अशी ती मूळची शिकारीची होडी. पोट भरण्यासाठी एका आदिम समाजाने जे साधन घडवले, त्याचा पुढे श्रीमंत देशांत खेळ झाला आणि आता ती प्लास्टिकची होऊन आपल्याही किनाऱ्यांवर आली आहे.

दोघांच्या कयाकमध्ये पुढे एक आणि मागे एक बसतो. दोघांच्या हातांत दुहेरी पात्याचे वल्हे असते. पुढचा ज्या तालात वल्हे मारतो त्याच तालात मागच्याला मारावे लागते, नाहीतर वल्ह्यावर वल्हे आपटते. दिशा सांभाळायचे काम मागच्याचे. पाहुण्याला पुढे बसवतात, कारण नवख्याच्या वेगाशी जुळवून घेणे जाणत्याला जमते. निघायची आणि परतायची वेळ भरती-ओहोटी पाहून यजमान ठरवतो. पाण्याच्या ओढीविरुद्ध नवख्याचे हात लवकर भरून येतात. अंगात लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही आणि पावसाळ्यात तर खाडीचे नावही काढायचे नाही, हे तो दोनदा बजावतो.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना तो सहज विचारतो, "पोहता येते ना दादा?"

पाहुणा म्हणतो, "नाही. आमच्या गावात विहिरीत पोहणारी पोरे वेगळी होती."

यजमान क्षणभर त्याच्याकडे पाहतो. त्याला समजते. तो फक्त एवढेच म्हणतो, "मग काठाकाठाने जाऊ. दमलात की सांगा." दोघे तिवरांच्या रांगेजवळून निघतात. चिखलावर बगळे उभे असतात. सुरुवातीला वल्ही आपटतात, मग ताल सापडतो. तासाभराने परत आल्यावर आई सुकेळी बांधून देते. सायकलवर सामान चढवताना यजमान मोबाइल काढतो आणि विचारतो, "दादा, नंबर कोणत्या नावाने सेव्ह करू?" तेव्हा कुठे नाव विचारले जाते. आडनावाची वेळच येत नाही.

हे चित्र काल्पनिक आहे, पण अशक्य कोटीतले नाही. या किनाऱ्यावर आणि महाराष्ट्रात इतरत्रही अशी दारे आहेत. कुणी म्हणेल, यात विशेष ते काय? एकाने दुसऱ्याला भाकरी दिली आणि होडीत बसवले, यावर एवढा लेख कशाला? यातले विशेष समजून घ्यायचे असेल तर बाबासाहेबांचे प्रवास आठवावे लागतात.

बैलगाडी, धर्मशाळा, टांगा, तलाव

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले काही अनुभव लिहून ठेवले आहेत. त्यांतले बहुतेक अनुभव प्रवासातले आहेत, ही गोष्ट आपण नीट लक्षात घेतलेली नाही.

१९०१ साली लहान भीमराव आपल्या भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला होते. मुले मसूर स्टेशनवर उतरली. नवे कपडे, चांगले बूट, हातात सामान. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. मुलांनी आपली जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. गाडीवान गाडी द्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तेही मुलांनीच गाडी हाकायची आणि त्याने बरोबर चालायचे या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण पाणी कुणी दिले नाही. जकात नाक्यावरच्या माणसाकडेही पाणी मिळाले नाही. त्या मुलांनी अन्न असूनही तहानेपायी उपाशीपोटी रात्र काढली.

परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहावे लागले आणि ते उघडकीला आल्यावर लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. वस्तीतल्या आपल्या माणसांनी प्रेमापोटी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायची सवय नसलेला आपलाच माणूस पुढे बसवला. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. १९३४ साली वेरूळची लेणी पाहायला जाताना वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तलावावर हातपाय धुतले, तर तलाव बाटवला म्हणून गर्दी जमली. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन त्यांना आत सोडण्यात आले.

वाहन, मुक्काम, पाणी आणि प्रेक्षणीय स्थळ, या चार गोष्टींशिवाय प्रवास होत नाही. या चारही ठिकाणी जात आडवी आली. आणि बाबासाहेबांना अडवणारे लोक एकाच धर्माचे नव्हते, हेही त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेल्या माणसाची ही कथा असेल, तर रोजगारासाठी गावोगाव फिरणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना वाटेत काय सोसावे लागले असेल, याचा विचार करा.

एकाच वर्षातल्या दोन घटना

१९२३ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो प्रवास १९२८ मध्ये पुरा केला. वाळवंटे, पर्वत, परके देश ओलांडून ते परत आले. त्यांचे धाडस खरोखर मोठे होते आणि त्याचे कौतुक केले पाहिजे.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबईच्या विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. मुंबईतले काही तरुण जगाच्या सफरीला निघत असताना, त्याच मुंबई इलाख्यातल्या काही लाख माणसांना धर्मशाळेच्या ओसरीवर टेकता यावे म्हणून ठराव करावा लागत होता. ठराव झाला तरी दारे उघडली नाहीत. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले, पण त्या तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला आणि बाबासाहेबांना हजारोंच्या मिरवणुकीने तळ्यावर जावे लागले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. समुद्र आणि खाडी ओलांडून तळ्याच्या पाण्यासाठी केलेला हा प्रवास आपल्या इतिहासातला एक थोर जलप्रवास आहे. कोकणातल्या खाडीत वल्हे मारणाऱ्या आपल्या कोणत्याही मुलाने तो लक्षात ठेवावा.

पुढे भारतीय संविधान आले. अनुच्छेद १५ (२) वाचून पाहा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, तसेच सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १९ ने देशभर मुक्त संचाराचा हक्क दिला. प्रवाशाला जे जे लागते त्याची जणू यादीच संविधानात आहे. मसूर स्टेशनवर ताटकळलेल्या, तहानेने व्याकूळ झालेल्या मुलाने मोठेपणी हा मसुदा सिद्ध केला, हे आपण विसरू नये.

दोन चाकांवरची माणसे

आपल्या माणसांनी सायकलवर काय केले, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

ओडिशातल्या दलित कुटुंबात १९४९ साली जन्मलेले प्रद्युम्नकुमार महानंदिया दिल्लीत चित्रकला शिकत होते आणि कॅनॉट प्लेसमध्ये लोकांची रेखाचित्रे काढून पोट भरत होते. १९७५ च्या डिसेंबरमध्ये त्यांची ओळख शार्लोट या स्वीडिश तरुणीशी झाली. पुढे ती मायदेशी परतली. विमानाच्या तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून १९७७ च्या जानेवारीत महानंदिया जुनी सायकल घेऊन दिल्लीहून निघाले. अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असे देश मागे टाकत त्याच वर्षी ते स्वीडनला पोचले. वाटेत अनोळखी लोकांची चित्रे काढायची आणि त्या बदल्यात जेवण आणि मुक्काम मिळवायचा, असा त्यांचा प्रवास झाला. लहानपणी शाळेत इतर मुलांपासून वेगळे बसवले गेल्याचे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. परक्या देशांतल्या दारांवर त्यांना चित्रकार म्हणून ओळखले गेले. आपल्या गावात जी ओळख पुसता आली नव्हती, ती ओळख त्या वाटेवर कुणी विचारली नाही.

दुसरे उदाहरण मान्यवर कांशीराम यांचे. पुण्याच्या संशोधन प्रयोगशाळेतली नोकरी सोडून त्यांनी आयुष्य चळवळीला दिले. ६ डिसेंबर १९८१ रोजी त्यांनी डीएसफोरची स्थापना केली आणि मार्च १९८३ मध्ये शंभर सायकलस्वारांना घेऊन दिल्लीहून सायकलयात्रा काढली. ४० दिवस, सात राज्ये. पैसा नसलेल्या समाजाला दोन पाय आणि दोन चाके यांच्या बळावर काय करता येते, हे त्या यात्रेने दाखवले. मोटारी आणि वर्तमानपत्रे आपल्या हातात नसताना माणसाने माणसाला भेटणे हीच प्रचाराची रीत होती. ज्या वस्तीत जायचे तिथल्या भाकरीवर आणि तिथल्या पाण्यावर विश्वास टाकल्याशिवाय कुठलीही चळवळ गावोगाव पोचत नसते.

सोपाऱ्याचा शिलालेख काय सांगतो

आगाशीहून सायकलने निघाले की थोड्याच वेळात नालासोपारा येते. हे आपले प्राचीन शूर्पारक. परदेशांशी व्यापार करणारे मोठे बंदर आणि बौद्ध धम्माचे केंद्र. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या 'बुरुड राजाचा कोट' नावाच्या टेकाडाचे उत्खनन केले. तेव्हा तिथे स्तूप निघाला आणि त्यातल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक व बुद्धमूर्ती सापडल्या. याच सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

हा आठवा शिलालेख नेमका प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकारीसाठी आणि करमणुकीसाठी बाहेर पडत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर सम्राट अशोक संबोधीच्या ठिकाणी, म्हणजे बोधगयेला गेले आणि तेव्हापासून त्यांच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत काय होत असे? श्रमण आणि ब्राह्मण यांची भेट व दान, वृद्धांची भेट व त्यांना मदत, जनपदातल्या म्हणजे खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट आणि धम्माची चर्चा. यातच आपल्याला अधिक आनंद वाटतो, असे सम्राट सांगतात. प्रवास करून लोकांना भेटण्यातला आनंद दगडावर कोरून ठेवणारा राजा जगाच्या इतिहासात दुर्मिळच. याच राजाने रस्त्यांवर माणसे आणि जनावरे यांच्यासाठी विहिरी खोदल्या आणि झाडे लावली, हे त्याचे दुसरे लेख सांगतात. त्या विहिरींवर कुणी कुणाची जात विचारावी अशी तरतूद त्या लेखांत कुठेही नाही.

सुनापरान्ताला धम्म घेऊन निघालेल्या भिक्खू पुण्णाची कथाही आपल्याला ठाऊक आहे. परंपरा त्यांना याच सोपाऱ्याशी जोडते. तिकडचे लोक उग्र आहेत, त्यांनी शिवीगाळ केली तर काय करशील, असे तथागतांनी त्यांना विचारले. मारले नाही एवढे ते भले आहेत असे मी समजेन, असे पुण्णांनी उत्तर दिले. अनोळखी माणसाच्या दारी जाताना मनाची किती तयारी लागते ते या संवादावरून कळते. ही तयारी पाहुण्याने करायची आणि पाहुण्यावर ती वेळ येऊ नये याची काळजी यजमानाने घ्यायची.

फुरसत कुणाच्या वाट्याची?

आपल्यातच काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, समाजापुढे बेकारी आहे, अत्याचार आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत आणि तुम्ही होडीतल्या मौजेवर लिहिता? प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर बाबासाहेबांनी १९४५ सालीच देऊन ठेवले आहे. गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी फुरसतीचा मुद्दा मांडला. दिवसभर राबून फक्त जगणे एवढेच ज्याच्या नशिबी असते, त्याला सुसंस्कृत आयुष्य जगता येत नाही. म्हणून यंत्रे हवीत आणि त्यातून मिळणारी फुरसत सर्वांना हवी, अशी त्यांची मांडणी होती. मजूरमंत्री असताना कामगारांना पगारी रजा मिळावी म्हणून त्यांनी कायद्याची पावले उचलली. उतारवयात ते स्वतः व्हायोलिन शिकत होते. आनंदाला ते चैन समजत नव्हते.

मनुवादी व्यवस्थेने आपल्याकडून फक्त जमीन आणि विद्या काढून घेतली असे नाही, खेळही काढून घेतला. तळ्यात उतरायची बंदी असलेल्या समाजात पोहायला शिकणार कोण? ज्याच्या सावलीचा विटाळ होतो त्याच्याशी एका होडीत बसणार कोण? म्हणून आपला मुलगा जेव्हा खाडीत उतरतो, दुसऱ्या समाजातल्या मुलाबरोबर एका तालात वल्हे मारतो आणि मनमोकळा हसतो, तेव्हा तो आपल्या पूर्वजांचे जुने येणे वसूल करत असतो.

मात्र मौजेच्या भरात पाण्याचे दुसरे वास्तव झाकले जाऊ नये. ज्या वैतरणेच्या मुखाशी ही खाडी आहे, त्याच नदीवर वरच्या अंगाला मोडकसागर, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा ही धरणे आहेत. तिच्या तानसा या उपनदीवर १८९२ पासून तानसा तलाव आहे. ही नदी मुंबईची तहान भागवते आणि त्याच मुलखातल्या शहापूर, मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. याच खाडीतल्या वाढीव-वैतीपाड्याच्या लोकांनी रस्ता नाही म्हणून वर्षानुवर्षे जीव मुठीत धरून रेल्वेपुलावरून ये-जा केली. पाहुणा म्हणून खाडीत फिरणाऱ्याने हे पाहावे, लोकांना विचारावे आणि आपल्या गावी जाऊन सांगावे. जनपदातल्या लोकांची भेट ती हीच.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, आपली विहारे. महाराष्ट्रात वस्तीवस्तीत विहार आहे. त्यातली अनेक वंदना आणि जयंतीचा काळ सोडला तर कुलूपबंद असतात. प्राचीन काळी लेणी व्यापारी मार्गांजवळ कोरली गेली आणि वाटसरूंचा त्यांच्याशी नित्य संबंध राहिला. तीच परंपरा आपण पुढे का चालवू नये? विहारात एक सतरंजी, पिण्याच्या पाण्याचा माठ, मोबाइल चार्ज करायची सोय, सायकलला हवा भरायचा पंप आणि किल्ली ज्याच्याकडे असते त्याचा फोन नंबर दारावर लिहिलेला, एवढे केले तरी प्रवाशाची रात्र सुखाची जाईल. येणारा कोणत्याही जातीधर्माचा असो. सायकलवर एकटी निघालेली एखादी मुलगी दिवेलागणीला गावात पोचली तर तिला विहाराचे दार सुरक्षित वाटले पाहिजे, ही जबाबदारी वस्तीतल्या महिला मंडळांनी घ्यावी.

दुसरी गोष्ट, आपली घरे. दुसऱ्याने आडनाव विचारले की आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे. पण आपल्याकडे आलेल्या पाहुण्याची पोटजात, जिल्हा, गट आणि पक्ष यांची चौकशी आपण करतो की नाही, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. मातंग, चर्मकार, मेहतर, आदिवासी, भटका, मुसलमान, कुणीही दारात आला तरी पहिला शब्द पाणी हाच असला पाहिजे.

तिसरी गोष्ट, आपली मुले. त्यांना पोहायला शिकवा. नगरपालिकेचे तलाव आहेत तिथे पाठवा. सुट्टीत सायकलवर बाहेर काढा. सोपाऱ्याचा स्तूप, कान्हेरी, महाड, नाशिकची लेणी ही ठिकाणे एसटीच्या खिडकीतून दाखवण्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या पायांच्या जोरावर दाखवा. चार अनोळखी घरी ती जेवली, चार वेगळ्या समाजांतल्या मुलांशी त्यांची मैत्री झाली, तर बंधुता या शब्दाचा अर्थ पुस्तकातून समजावून सांगण्याची गरज राहणार नाही. आणि वाटेत कुठे पाण्यासाठी, मुक्कामासाठी जात आडवी आलीच, तर संविधानाचे अनुच्छेद त्यांना पाठ हवेत आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवण्याची हिंमतही हवी.

पावसाळा सरला की सायकली पुन्हा रस्त्यावर येतील. आपल्या वस्तीवरूनही एखादी जाईल. या रविवारी विहाराच्या बैठकीत एवढाच विषय घ्या: किल्ली कुणाकडे ठेवायची, माठ कुणी भरायचा आणि दारावर कुणाचा नंबर लिहायचा. एवढे ठरले तरी पुरे, पुढची वाट प्रवासी स्वतः शोधून काढतात.